बेडकाची पोटरी, विजेचा झटका आणि व्हायवातला एक प्रश्न

ऋतुगंधा
लेक यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. काल रात्री जर्नल पुरं करत बसली होती, मी शेजारी मेथी निवडत. तिच्या लॅपटॉपवर बेडकाच्या पोटरीचा स्नायू, त्याला लोंबणारी नर्व्ह आणि खाली व्होल्टेजची सरकपट्टी. पट्टी जराशी सरकवली, काही नाही. आणखी सरकवली, आलेखावर इवलीशी टेकडी उठली. आणखी सरकवली, टेकडी मोठी. असं करत करत एका ठिकाणी टेकडी वाढायची थांबली. मग कितीही झटका द्या, ढिम्म.

इथवर कळलं. पण तिच्याच पुस्तकात पुढच्या पानावर ठळक अक्षरांत छापलंय की स्नायूचा एकेक तंतू आकुंचन पावतो तो पूर्ण ताकदीने, नाहीतर मुळीच नाही. मधलं काही नाही. मी म्हटलं, अगं मग ही टेकडी हळूहळू कशी मोठी झाली? तिने एका दमात उत्तर म्हणून दाखवलं. मी कॉमर्सवाली, मला नाही कळलं हे ठीक. पण तिलाही कळलेलं नाही अशी दाट शंका आहे. "आई, व्हायवाला एवढं पुरतं" म्हणे (व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा).

जाणकारांनी सोप्या मराठीत सांगा. आणि इथे कुणी हे प्रयोग खऱ्या बेडकावर केलेत का?

टवाळ
सोप्पंय. कचेरीतला कारकून आठवा. शंभराच्या नोटेला तो मान वर करत नाही. पाचशेची दाखवली की फाईल हलते. दोन हजारांची (होती तेव्हा) दाखवली तरी फाईल तेवढीच हलते. झाला तुमचा 'सगळं किंवा काहीच नाही' नियम. हलकेच घ्या.

ऋतुगंधा
टवाळ, हे नियमाचं झालं. माझा प्रश्न टेकडीचा आहे.

जुनाट डॉक्टर
ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हात शिवशिवतायत.

आमची बॅच ऐंशीच्या दशकातली. कॉलेजचं नाव राहू दे. फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला पहिलं काम बेडूक नव्हे, काजळी. चकचकीत कागद आलेख काढायच्या फिरत्या ड्रमवर ताणून गुंडाळायचा, सांधा अशा बाजूने चिकटवायचा की फिरताना लिव्हरचं (म्हणजे रेघ कोरणाऱ्या दांडीचं) टोक त्यात अडकू नये. मग रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर ड्रम गरगर फिरवायचा. हात थांबला की कागद जळला. धूर जास्त बसला की टोक जड चालतं आणि टेकडी बुटकी येते. चांगली काजळी म्हणजे मखमल. घरी गेल्यावर आई विचारायची, नाकात काय गेलंय?

मग बेडूक. सुईने त्याचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू निकामी करायचा, हे डेमॉन्स्ट्रेटर करून द्यायचे. आम्ही कमरेपासून कातडी खाली ओढायचो, पायजमा काढावा तशी सरसर निघते. मांडीच्या मागच्या दोन स्नायूंच्या फटीत पांढरा दोरा दिसतो, ती सायॅटिक नर्व्ह. तिला धातू लावायचा नाही, काचेच्या आकड्याने उचलायची. टाचेकडचा कंडरा कापून त्याला दोरा, दोऱ्याला लिव्हर, लिव्हरला दहा ग्रॅमचं वजन. दर दोन मिनिटांनी ड्रॉपरने रिंगर, म्हणजे क्षारांचं पाणी, सोडायचं. विसरलात की नर्व्ह सुकली आणि प्रॅक्टिकल संपलं.

आणि मग तो क्षण. चावी दाबली, पोटरी टचकन आखडली, लिव्हर उडाला आणि काळ्या मखमलीवर पांढरी टेकडी कोरली गेली. शेजारी सेकंदाला शंभरदा थरथरणाऱ्या ट्यूनिंग फोर्कची नागमोडी रेघ, म्हणजे एक नाग हा सेकंदाचा शंभरावा भाग. पहिला नाग होऊन जातो तरी स्नायू गप्प असतो. पुढचे चार नाग चढण, मग पाच नाग उतरण. सगळा खेळ एक दशांश सेकंदाचा.

दोन तास खपून मी एकदा फार सुंदर आलेख काढला होता. लाखेच्या वार्निशात बुडवून पक्का करायला ट्रेकडे निघालो, तर वाटेत मित्राने "बघू बघू" करत बाही पुसली त्यावरून. तो मित्र आज मोठा सर्जन आहे. मी अजून माफ केलेलं नाही.

विजेचा खांब
डॉक्टर, झटका देत होतात कशाने? आमच्या इलेक्ट्रिकलच्या लॅबला एक लाकडी पाटावरचं दुहेरी कॉइल पडून होतं, सर म्हणायचे मेडिकलवाल्यांचं आहे.

जुनाट डॉक्टर
तेच. इंडक्शन कॉइल. बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमोंने प्रयोगशाळेत रूढ केलेलं. दुय्यम कॉइल पाटावर जवळ सरकवलं की झटका वाढतो, लांब नेलं की कमी. तुमच्या लेकीची सरकपट्टी म्हणजे त्याचीच पणती, ऋतुगंधाताई. त्यात एक गंमत होती: चावी जोडताना बसणारा झटका मिळमिळीत आणि तोडताना बसणारा जोरदार. व्हायवात हमखास विचारायचे, आम्ही हमखास उलटं सांगायचो.

विजेचा खांब
ते आमच्या खात्यातलं. जोडताना कॉइल स्वतःच प्रवाहाला विरोध करतं, म्हणून प्रवाह सावकाश चढतो. तोडला की एकदम कोसळतो. जितका झटपट बदल तितकं पलीकडच्या कॉइलमधलं व्होल्टेज जास्त. जुन्या स्कूटरची ठिणगीसुद्धा सर्किट तोडतानाच पडायची.

प्राणिमित्र
नाग, मखमल, पायजमा. वाचून अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हे. जी टेकडी पुस्तकात छापलेली आहे तीच पुन्हा काढायला दर वर्षी, दर कॉलेजात, दर टेबलावर एक जीव. यात नवीन काय सापडत होतं?

जुनाट डॉक्टर
नवीन काहीच नाही. मान्य. आमच्या एका बॅचला वीस-पंचवीस बेडूक लागत. पावसाळ्यात पोतं भरून यायचे, उन्हाळ्यात मिळत नसत म्हणून वेळापत्रकच पावसावर बेतलेलं. त्या वयात टोचणी लागली नाही, आता लागते. मुलांसाठी हे बंद झालं याचं मला दुःख नाही. काजळीचं थोडं आहे.

पेडण्याचो
अवांतर: बेडकाला फक्त मेडिकलवाल्यांचीच भीती नव्हती. आमच्या गोव्यात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात. पहिला पाऊस पडला की रात्री बत्ती घेऊन शेतात जाणारे असायचे. आता वनखातं धरतं, कायद्याने गुन्हा आहे, तरी जून आला की पेपरात बातमी असतेच.

पण मुद्द्याचं सांगतो. शेजारची म्हातारी सांगायची, सोललेल्या तंगड्यांना मीठ लावलं की त्या ताटात उड्या मारतात. आम्ही थट्टा समजायचो. आता मोबाईलवर तसे व्हिडिओ येतात. खरं आहे का हे?

जुनाट डॉक्टर
अगदी खरं. बेडूक मेला तरी पोटरीला ते लगेच कळत नाही. तंतूंमध्ये इंधन शिल्लक असतं आणि पडद्याच्या आत-बाहेर विजेचा फरकही टिकून असतो. मिठाने तो फरक ढासळला की तंतूला वाटतं हुकूम आला. झटका विजेचाच लागतो असं नाही. नर्व्हला चिमटा काढला, तापलेली सुई टेकवली, मिठाचा खडा ठेवला, तरी पोटरी उडते.

पेडण्याचो
म्हातारीची माफी मागायला हवी होती.

शकूमावशी
प्राणिशास्त्र शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, म्हणून मध्येच नाक खुपसते. धातू लावायचा नाही असं डॉक्टर म्हणाले ना, त्यामागे दोनशे वर्षांपूर्वीचं भांडण आहे.

बोलोन्याच्या गॅल्व्हानीने पितळी आकड्याला अडकवलेल्या बेडकाच्या तंगड्या लोखंडी कठड्यावर टांगल्या. ढग नाही, वीज नाही, तरी आकडा कठड्याला दाबला की तंगडी झटका खायची. त्याने १७९१ मध्ये छापलं की प्राण्याच्या अंगातच वीज असते. व्होल्टा म्हणाला, छे, वीज येते ती दोन वेगळे धातू ओल्या वस्तूला टेकल्यामुळे. बेडूक नुसता वीज दाखवणारा काटा आहे. हा वाद लढवता लढवता त्याने १८०० मध्ये धातूंच्या चकत्या रचून पहिली बॅटरी केली. इकडे गॅल्व्हानीच्या बाजूने धातूशिवाय, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवून झटका आणून दाखवला गेला. म्हणजे दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. सासरची भांडणंही बहुतेक अशीच असतात.

म्हणून काचेचा आकडा. एका हातात स्टीलची सुई आणि दुसरीकडे पितळी स्क्रू, मध्ये ओला तंतू, की विद्यार्थी चावी न दाबताच "सर, उडाला!" म्हणून ओरडायचा.

निशाचर
डॉक्टर, नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो तेही या तंगडीवर मोजायचात ना? माझ्या काकांच्या जर्नलमध्ये पाहिल्यासारखं आठवतं.

जुनाट डॉक्टर
हो, आणि त्यात सगळी लबाडी. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमारास केलेला प्रयोग तो. त्याचे गुरू म्युलर म्हणायचे, हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. याने नर्व्हवर दोन जागी, एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांब, झटका दिला आणि आकुंचन सुरू व्हायला लागणाऱ्या वेळातला फरक काढला. सेकंदाला साधारण २७ मीटर. मनात आलं की हात हलतो तेही तत्काळ नाही, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यात कळलं.

आता आमची गोष्ट. नर्व्ह जेमतेम तीन सेंटिमीटर. ड्रम सगळ्यात जोरात, सेकंदाला ६४० मिलिमीटर. गणित करा: तीन सेंटिमीटरला एक सहस्रांश सेकंद, म्हणजे कागदावर दोन टेकड्यांच्या सुरुवातीत फरक ०.६४ मिलिमीटर. आमच्या लिव्हरचं टोकच तेवढं जाड! तरी अख्ख्या बॅचचं उत्तर बरोब्बर ३०. उत्तर आधी लिहायचं, टेकडी नंतर मोजायची.

झोपाळू_पहिलंवर्ष
काका, आम्ही तीही तसदी घेत नाही. सॉफ्टवेअर स्वतःच ३० देतं.

आमचा बेडूक थकतही नाही. फटीगचा प्रयोग झाला की 'रीसेट' दाबायचं, बेडूक ताजातवाना. पण तो प्रयोग मला खरंच कळलेला नाही. थकतं नक्की कोण? नर्व्ह, स्नायू की मधला सांधा, म्हणजे नर्व्ह स्नायूला मिळते ती जागा? गाईडमध्ये उत्तर 'सांधा' आहे. का ते नाही.

जुनाट डॉक्टर
चांगला प्रश्न आहे बाळा. नर्व्हला सेकंदाला एक असे झटके देत राहिलास की टेकड्या बुटक्या होत जातात, उतरण लांबत जाते आणि शेवटी रेघ सपाट. आता इलेक्ट्रोड नर्व्हवरून काढ आणि थेट स्नायूवर टेकव. पोटरी पुन्हा उडते! म्हणजे स्नायूत दम होता. राहिली नर्व्ह आणि सांधा. नर्व्हची सुटका हार्वर्डच्या बॉडिचने केली. त्याने जनावराला क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) देऊन सांधा बंद केला आणि तास न् तास नर्व्हला झटके देत राहिला. स्नायू गप्प. औषधाचा अंमल उतरला तसा स्नायू हलायला लागला, म्हणजे एवढा वेळ मार खाऊनही नर्व्ह काम करतच होती. उरला सांधा.

पण हे तंगडी कापून टेबलावर ठेवल्यावरचं. जिना चढून आपण थकतो तेव्हा तोच सांधा दोषी, असं व्हायवात म्हणू नकोस.

भूलवाला
क्युरारेचं नाव निघालं, आता मला बोलावंच लागेल. मी भूलतज्ज्ञ. तुम्ही ज्याला इतिहास म्हणताय तो प्रयोग मी रोज करतो, फक्त बेडकाच्या जागी पेशंट असतो.

ऑपरेशनला स्नायू सैल करायला आम्ही व्हेक्युरोनियमसारखी औषधं देतो, क्युरारेचीच भावंडं. ती सांध्यावरच बसतात. अंमल किती उरलाय ते बघायला पेशंटच्या मनगटाशी, करंगळीच्या बाजूला, दोन इलेक्ट्रोड चिकटवतो. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने विजेच्या चार टिचक्या, आणि नजर अंगठ्यावर. औषध नसेल तर अंगठा चारही वेळा सारखाच आत वळतो. अंमल असेल तर पहिली वळण ठीक, दुसरी कमी, तिसरी त्याहून कमी, चौथी गायब. चौथी पहिलीच्या ०.९ पट तरी भरल्याशिवाय घशातली नळी काढायची नाही, हा आजचा दंडक. नुसत्या डोळ्यांना तेवढा फरक दिसत नाही, म्हणून मोजणारं यंत्र लावतात.

ऋतुगंधाताई, तुमच्या टेकडीचा इथे संबंध आहे. टिचकी देताना आम्ही करंट वाढवत वाढवत नेतो, अंगठ्याची वळण वाढायची थांबली की त्याच्याही थोडं पुढे. सगळेच तंतू कामाला लागलेले असले म्हणजे पुढे जी घट दिसेल ती औषधाचीच, झटका कमी पडल्याची नव्हे.

टवाळ
म्हणजे माझ्या कारकुनाला अख्खं ऑफिस जोडायचं राहिलं होतं!

भूलवाला
अगदी! पोटरी म्हणजे एक कारकून नाही, अख्खी कचेरी. प्रत्येकाचा भाव वेगळा. शंभरात दोघं उठतात, दोनशेत दहा, पाचशेत सगळेच. एकेक कारकून मात्र उठला तर पूर्ण उठतो, नाहीतर बसून. तुम्ही बाहेरून मोजताय ती एकूण हललेली फाईल, म्हणून ती हळूहळू वाढताना दिसते. सगळे उठले की वाढ थांबली.

ऋतुगंधा
अहो, हे इतकं सोपं होतं! लेकीला वाचून दाखवलं. लाच देऊनच कळायचं होतं तर आमचं.

फिजिओ_मुलुंड
एक दुरुस्ती. झटका नर्व्हला दिलाय, तेव्हा भाव स्नायूच्या तंतूंचा नाही, नर्व्हमधल्या तंतूंचा. नर्व्हच्या एका तंतूच्या हाताखाली स्नायूचे अनेक तंतू असतात, तो उठला की सगळी टोळी उठते.

आणि क्रम उलटा असतो. आपण स्वतःहून हात हलवतो तेव्हा आधी बारीक तंतू लागतात, न थकणारे, जोर वाढवला तर जाडे. विजेच्या झटक्याला मात्र जाडे आधी बळी पडतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्ही मांडीला स्टिम्युलेटर लावतो तेव्हा पेशंट म्हणतात, एवढ्यात पाय थकला. त्याचं हे एक कारण.

भूलवाला
उघड्या नर्व्हवर मान्य. कातडीवरून दिलेल्या झटक्याला क्रम इतका नीट उलटा नसतो हो. जो तंतू इलेक्ट्रोडच्या जवळ तो आधी. सरमिसळ.

फिजिओ_मुलुंड
सरमिसळ चालेल. पण मांडी लवकर थकते हे मी रोज बघते.

टवाळ
मला वेगळीच शंका. लेकीच्या जर्नलमध्ये 'टिटॅनस'चाही आलेख असेल ना? गंजलेला खिळा बेडकाला कधी लागला?

जुनाट डॉक्टर
हाहा. झटके इतके भराभर द्यायचे की पहिली टेकडी उतरायच्या आत दुसरी चढते. आधी करवतीसारखी रेघ, मग वेग वाढवला की सलग पठार, एकेकट्या टेकडीपेक्षा बरंच उंच. त्या पठाराला टिटॅनस म्हणतात. विजेचा संदेश दोनेक सहस्रांश सेकंदात आटपतो, त्याची बेरीज होत नाही. आकुंचन मात्र एक दशांश सेकंद रेंगाळतं, म्हणून त्याची होते.

खिळ्याचा धनुर्वातही अगदीच वेगळा नाही. त्या जंतूचं विष मज्जारज्जूतल्या आवर घालणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. मग स्नायूंकडे हुकूम सुटतच राहतात आणि तीच पठाराची स्थिती येते, पण जिवंत माणसात. एक पेशंट पाहिला होता. त्यावर विनोद सुचत नाही.

टवाळ
सॉरी डॉक्टर.

शकूमावशी
मूळ मुद्दा निसटू देऊ नका. ऋतुगंधा, लेकीचं समाधान झालं का?

ऋतुगंधा
मावशी, समाधान झालं आणि मोडलंही. काल रात्री जेवताना म्हणाली, "आई, कारकून एकेक करून उठत असतील तर टेकडी गुळगुळीत का वाढते? जिन्यासारखी, पायरी पायरीने वाढायला हवी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. भात वाढला.

जुनाट डॉक्टर
ताई, तुमच्या लेकीला साष्टांग दंडवत! नेमका हाच विचार केंब्रिजच्या कीथ ल्युकसने केला होता. पोटरीच्या नर्व्हमध्ये इतके तंतू असतात की पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि जिन्याचा उतार होतो. म्हणून त्याने पोटरी सोडली आणि बेडकाच्या पाठीच्या कातडीखालचा एक पातळसा स्नायू घेतला. त्याच्या नर्व्हमध्ये तंतू अवघे आठ-नऊ. झटका बारीक बारीक वाढवत नेला, तर आकुंचन बराच वेळ तिथल्या तिथे, मग एकदम एक उडी, पुन्हा तिथल्या तिथे, पुन्हा उडी. आणि पायऱ्या किती? नर्व्हमधल्या तंतूंपेक्षा जास्त कधीच नाहीत. साल १९०९.

सगळं किंवा काहीच नाही ही गोष्ट हृदयाच्या बाबतीत बॉडिचने १८७१ मध्येच सांगितली होती, तोच तो थकव्याचा प्रयोग करणारा. हाडाला जोडलेल्या स्नायूच्या बाबतीत ती या पायऱ्यांवरून पटली. आम्ही एवढी काजळी खाल्ली, पण हा प्रश्न आमच्या बॅचमध्ये कुणाला पडल्याचं आठवत नाही. मला तर नाहीच.

विजेचा खांब
+१. वाचनखूण साठवली.

ऋतुगंधा
डॉक्टर, तुमचं उत्तर वाचून ती तडक लॅपटॉप घेऊन बसली. सरकपट्टी ०.०१ व्होल्टने सरकवत पायऱ्या शोधत होती. रेघ गुळगुळीतच. मग म्हणाली, या सॉफ्टवेअरमध्ये तंतू नाहीतच, नुसतं एक सूत्र घातलंय. उद्या सरांना विचारणार आहे.

झोपाळू_पहिलंवर्ष
ताईला सांगा, विचार, पण व्हायवा झाल्यावर.